शिसवी पाटली

मी एक जुनी पाटली आहे. सोन्याची नव्हे, शिसवी लाकडाची. माझे दोन तुकडे झाले आहेत आणि ते एका बिस्किटांच्या डब्यात, सुती फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहेत. मित्रांनो, तुकड्यांनाही सांगण्यासारखे काही असते. वेळ असेल तर ऐका.

मला घडवले धाकू मिस्त्रींनी. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गोरेगावच्या एका स्टुडिओत ते सिनेमाचे राजवाडे उभे करायचे. सिंहासनाचे सिंह, खांबांवरचे मोर, सगळे त्यांच्या हातचे. पडद्यावर लोक राजाला बघत, सिंहाकडे कोणी बघत नसे. धाकूंना त्याचे काही वाटत नव्हते.

त्यांची बायको जानकी. धातू अंगाला लागला की तिच्या मनगटावर पुरळ उठे, मग ते पितळ असो की सोने. शेजारणी थट्टा करत, "जानके, तुझा नवरा नशिबाचा. सोनाराची पायरी चढायला नको!" ती हसायची. पण हळदीकुंकवाला गेली की हात पदराखाली घ्यायची. धाकूंनी ते पाहिले होते.

एका गणपतीच्या आधी, सिंहासनातून उरलेला शिसवाचा तुकडा त्यांनी घरी आणला. दारात मांडी घालून, तो पायाच्या पंजांत धरून ते कामाला बसले. दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून त्यांनी माझे पोट मोकळे केले, पटाशीने कडा उतरवल्या, कानशीने अंग गुळगुळीत केले. गोल कापलेल्या लाकडात दोन ठिकाणी शिरा आडव्या येतात आणि तिथे ते कच्चे राहते. त्या जागा त्यांनी जाड आणि साध्या ठेवल्या. बाकी अंगभर बारीक कोरणीने सुरंगीची फुले काढली. शेवटी अळशीचे तेल पाजले. मी अशी काळीभोर चकाकले की पुढे कोणी सोन्याचे नाव काढले नाही.

"एकच?" जानकी म्हणाली. "दुसऱ्या हातान काय पाप केल्यान?"

"लाकूड गावला काय जोडी करतंय. पण हिका पाणी लावूचा न्हाय हां. पाणी आणि ऊन, दोन्ही वैरी."

जानकीने ते तंतोतंत पाळले. भांडी घासताना ती मला खुंटीवर अडकवी, महिन्या दोन महिन्यांनी बोटभर तेल चोळी. सणाला तिचे हात पदराबाहेर राहू लागले. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग स्टुडिओत साचे आले. सिंह ओतून तयार होऊ लागले, कोरणाऱ्याची गरज उरली नाही. धाकू चारकोपच्या एका कारखान्यात यंत्राच्या करवतीवर लागले. पाते थांबायच्या आत हात पुढे गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट गेले.

हत्यारांची पिशवी माळ्यावर गेली. माझी जोडी आता कधीच होणार नव्हती. घरच्यांसाठी त्या हातांनी केलेले शेवटचे काम मीच ठरले.

घरातल्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली, एकमेकांना न सांगता. धाकूंसमोर लाकडाचा विषय काढायचा नाही. पाटाचा पाय डुगडुगला तर तो गुपचूप शेजारी दुरुस्तीला जाई. कोणी माझे कौतुक करू लागले तर जानकी चहाचे विचारी. धाकू दारात बसून सगळे बघत.

त्यांच्या मुलीचा, अनुपमाचा साखरपुडा ठरला. दोन दिवस आधी जानकी पाहुण्यांसाठी मासळी आणायला खारदांड्याला गेली. मासळीचे पाणी लागेल म्हणून मला खुंटीवर ठेवून गेली. अनुपमाने मला हातात घेतले. आई मला खुंटीवर का अडकवते, हे तिला कोणी सांगितले नव्हते; घरात तो विषयच निघत नसे. तेल लावायला आईला महिनोन्‌महिने सवड झाली नव्हती, माझ्या फुलांत धूळ बसली होती. आईचा हात त्या दिवशी उठून दिसावा, एवढेच पोरीच्या मनात होते.

नळावर शेजारच्या सुंदराबाई आपले दागिने धूत होत्या.

"मावशी, ही कशी गं साफ करायची?"

"रिठ्याच्या पाण्यात टाक की! माझी बोरमाळ बघ कशी लखलखतीय."

"लाकडाला चालतं?"

"न चालायला काय झालं? बापाला विचार, मिस्त्री हाय नव्हं!"

अनुपमाने दाराकडे पाहिले. धाकू तिथेच बसले होते, हाक मारली तर ओ देतील इतके जवळ. ती हळूच म्हणाली, "नको. बाबांना वाईट वाटेल."

तिने मला कोमट रिठ्यात बुडवले आणि वर ताटली झाकली. माझे तेल सुटले, पाणी चहासारखे झाले. मी फुगले. दुपारी तिने मला पुसून पत्र्यावर उन्हात ठेवले. थोड्या वेळाने कट्कन आवाज झाला. कच्च्या जागी मला आरपार चीर गेली.

जानकी परतली तेव्हा पोर रडत होती. शेवटी मला धाकूंपुढे ठेवावेच लागले. त्यांनी मला फिरवून पाहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

"माका इचारूक व्हया होता गो, बाय," ते म्हणाले. "हयच तर बसलंय."

त्यांनी पिशवी खाली काढायला लावली. पटाशी गंजली होती. चीर वाकडी उघडली होती. तोंडे तासून जुळवल्याशिवाय चिकटवायचा सरस धरणार नव्हता. अनुपमाने मला धरले आणि धाकूंनी डाव्या हाताने पटाशी चालवली. मित्रांनो, तो हात माझ्या ओळखीचा नव्हता. पटाशी घसरली, एका फुलावरून गेली आणि दुसऱ्या कच्च्या जागी मी मोडले.

"ऱ्हवांदे," जानकी म्हणाली. "हात दुखवू नकात."

धाकूंनी पटाशी खाली ठेवली. पिशवी त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकायला सांगितली.

साखरपुड्यात जानकीचे हात पुन्हा पदराखाली होते.

अनुपमा आता मुलुंडला नांदते. माहेरी आली की डबा उघडते. परवा तिने विचारले, "बाबा, कुठलं तेल लावू हिला?"

"खयचाय लाव," धाकू म्हणाले. "आता काय फरक पडता?"

मित्रांनो, लाकडाला पाण्यापासून आणि उन्हापासून जपा, हे सांगायला मी कशाला हवी? माझे मागणे निराळे आहे. ज्याचे हात थांबले, त्याच्याशी त्या हातांच्या कामाबद्दल बोलणे टाकू नका. तुम्ही मायेने गप्प बसता आणि त्याचे उरलेसुरले जाणतेपणही कुलपात घालता. जाऊन विचारा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. पाटली भिजण्याआधी विचारा.