ऐनवेळचा विषय

“लिफ्टमध्ये अडकलेला दंतवैद्य!” प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं आणि घंटा वाजली.

सुईताई अजून मनात लिफ्टच्या भिंती उभ्या करत होती, तोवर चष्म्या तिच्यापुढे येऊन म्हणाला, “बाई, दार उघडत नाही, निदान तोंड तरी उघडा!”

सगळा स्टुडिओ खो खो हसला. सुईताईलाही उत्तर सुचलं, पण हशा ओसरल्यावर. म्हणजे शिळंच.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचणारी, म्हणून ती सुईताई. चष्म्या विमा विकायचा. वर्षानुवर्षं दर रविवारी दोघं एका गॅरेजवरच्या हॉलात हेच करत आले होते. विषय लोकांनी द्यायचा, प्रवेश यांनी तिथल्या तिथे उभा करायचा. आता टीव्हीवरच्या स्पर्धेत जोडी अंतिम फेरीत पोचली होती आणि नेमकी आजच तिची जीभ जड झाली होती. दुसऱ्या विषयालाही तेच.

“ताई, तुम्ही जरा मागे पडताय हं,” परीक्षक गोड हसून म्हणाले.

मध्यंतरात मेकअपवाली तिच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणाली, “पाठांतर कच्चं राहिलं का हो ताई?”

“कसलं पाठांतर?”

मेकअपवालीचा हात थांबला. मग ती घाईघाईने पावडरचा डबा शोधू लागली.

सुईताईने चष्म्याला जिन्याखाली गाठलं. “तुला विषय आधी कळलेत?”

तो चष्मा पुसू लागला. “सगळ्यांनाच सांगतात गं. ओरडणारी माणसंही त्यांचीच.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू तयार झाली नसतीस. मग बसा दोघंही घरी! अजून किती वर्षं त्या हॉलात चार डोक्यांपुढे नाचायचं? आणि खरं सांगू? तू खरीखुरी अडखळतेस ना, म्हणून तर लोकांना सगळं खरं वाटतं.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तेवढ्यात आतून हाक आली.

तिसरी फेरी. तोच ठरलेला आवाज आला, “चोराच्या घरी...”

“थांबा हां!” सुईताई पुढे सरसावली. “मागच्या रांगेतल्या आजी, तुम्ही सांगा विषय.”

आजी गोंधळल्या. “मी काय सांगणार बाई? माझा गुडघा दुखतोय केव्हाचा.”

“मीच तो गुडघा!” सुईताई वाकडी होऊन उभी राहिली. “जन्मभर हिला जिने चढवले, आणि आता चारचौघांत माझीच बदनामी!”

आजी तोंडावर हात धरून हसल्या. मग त्यांची रांग हसली, मग पुढची. सुईताईला एकातून एक सुचत गेलं, कुठून ते तिचं तिलाही कळेना. दोनदा तिने चष्म्याकडे वाक्य सरकवलं. तो नुसता खांबासारखा उभा.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “हे पुन्हा घेऊ. ताई, विषय आमच्याकडून येऊ द्या.”

तडक निघून जावं असं तिला फार वाटलं. पण रंगमंचावर जोडीदाराला उघडं पाडायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. मग पुन्हा तोच ठरलेला विषय आला, चोराच्या घरी चोरी झाली.

“अरे, मग पोलिसांत जा की,” ती म्हणाली.

“जातो. पण वस्तू कुणाच्या म्हणून सांगू?” चष्म्याने टोला हाणला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बक्षीस जोडीला मिळालं. पुढच्या पर्वाचं बोलावणं मात्र एकट्या चष्म्याला आलं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी ती नवऱ्याबरोबर आणि सासऱ्यांबरोबर टीव्हीपुढे बसली. सासरे चष्म्याच्या वाक्यावाक्याला मांडीवर थाप मारत होते. “सूनबाई, तूही बोलायचंस की गं थोडं!”

नवरा हळूच म्हणाला, “तुझं ते गुडघ्याचं कापलंय वाटतं. काय काय केलं होतंस?”

तिने आठवून पाहिलं. सुरुवात आठवली, पुढचं काही केल्या ओठांवर येईना. तिथे सुचलेलं तिथेच राहिलं होतं.

“एक आजी फार हसल्या होत्या,” ती म्हणाली, आणि सासऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.