नंबरावरचा अंगठा

चर्चच्या तळघरात मी बटाटे सोलत होते, तेव्हा माझी भावजय अर्लिस जिना उतरून आली. अंगातला कोटही न काढता तिने माझ्या हातातली सुरी घेऊन बाजूला ठेवली आणि आपला फोन माझ्यापुढे धरला.

"डॉरीन, ही बघ. ओळखतेस?"

फोटोत एक जुनी रायफल होती. हरणाच्या शिकारीची, आमच्याकडे घरोघरी असते तशी. लाकडी दस्त्याला मुठीपाशी चीर गेली होती आणि ती एका पितळी स्क्रूने आवळून बसवली होती. माझ्या वडिलांची रायफल ट्रॅक्टरवरून पडून तडकली तेव्हा त्यांनीही असाच स्क्रू मारला होता.

"जुन्या रायफली तिथेच तडकतात," मी म्हटलं. "अशा कितीतरी असतील."

"म्हणून तर नंबर बघायचाय."

तिने बोटांनी फोटो मोठा केला. पोलादावर जिथे दर बंदुकीचा वेगळा नंबर ठोकलेला असतो, बरोबर तिथे कुणाचा तरी जाडजूड अंगठा ठेवलेला होता. नखाखाली रक्त साकळून काळं झालेलं.

वडिलांची ती रायफल त्यांच्यामागे माझ्या भावाकडे, डेल्मरकडे आली होती. डेल्मर आणि अर्लिसला एकच मुलगा, गॅरेट. विशीतला, उंच, फार न बोलणारा. एका मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा, त्याने त्याच रायफलीने स्वतःचा जीव घेतला. का, ते आम्हाला आजही नीट सांगता येणार नाही. सगळं आटोपल्यावर काही महिन्यांनी शेरीफच्या पोलिसांतला माणूस रायफल परत द्यायला आला. दारात उभं राहून त्याने नंबर मोठ्याने वाचला आणि डेल्मरने तो खात्रीसाठी परत म्हटला. अर्लिस आत भांडी घासत होती. तिला तो ऐकायचा नव्हता, पण ऐकला, आणि कायमचा पाठ झाला.

त्या दिवशी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "ही वस्तू मला या जगात नको." दोन दिवसांनी डेल्मर तिला म्हणाला, "शेडमध्ये कापून तुकडे केले. भंगारात टाकले." पुढे त्या घरात रायफलीचं नाव निघालं नाही.

"त्याने कापली ना गं?" मी विचारलं.

"तो तसं म्हणाला."

"मग तू हे काय शोधत बसतेस?"

"शिकारीचा मोसम आला की लोक जुन्या बंदुका विकायला काढतात. मी बघते. दर वर्षी बघते." तिने फोन कोटाच्या खिशात टाकला. "तुकडे मी पाहिले नव्हते, डॉरीन."

तिने जुन्या बंदुका विकायच्या साइटवर त्या फोटोखाली साधी एक ओळ लिहिली होती: कृपया नंबर दाखवाल का? त्यावर लोक तुटून पडले होते. घरी गेल्यावर मी ते सगळं वाचलं.

"बाई, तुम्ही पोलिसात आहात का?"

"नंबर दाखवला की उद्या कुणीही उठून म्हणेल, माझ्या घरून चोरीला गेली. मग बसा दाखले देत."

"गाडीची नंबरप्लेट लावून गावभर हिंडतोस ना? तेव्हा नाही भीती वाटत?"

"गाडी आणि बंदूक एक आहे का, शहाण्या?"

"ज्याला लपवायचंय तोच झाकतो. मी तर अंगठा दिसला की पुढे जातो."

"जा की मग. कोण अडवतंय?"

अर्लिसने पुन्हा लिहिलं होतं, मला विकत घ्यायची नाही, फक्त नंबर बघायचा आहे. त्यावर तर हसण्याच्या खुणांची रांगच लागली होती. एकाने लिहिलं होतं, आजीबाईंना नंबर गोळा करायचा छंद दिसतोय.

माझा नवरा रूबेन पलीकडे बसून जेवत होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तू फोटो टाकतोस तेव्हा नंबर झाकतोस का?

"झाकतो. सगळे झाकतात."

"का?"

"का म्हणजे? घराच्या किल्लीचा फोटो टाकशील का तू?" त्याने ब्रेडला लोणी लावलं. "खरं सांगायचं तर त्याने काही बिघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण झाकायला काय जातंय?"

त्याला मी फोटो दाखवला नाही. त्याने तो स्क्रू ओळखला असता आणि डेल्मरला फोन लावला असता.

विकणाऱ्याने अर्लिसला खासगीत निरोप पाठवला होता. फोटोवर नंबर देणार नाही, पण इथे येऊन बघायचं असेल तर या. कर्टिस नाव. पश्चिमेला, बीटच्या शेतांच्या मुलुखात राहणारा. बुधवारी आम्ही दोघी माझ्या गाडीने निघालो. आमच्याकडची झाडं संपली आणि सपाट काळी जमीन सुरू झाली. बीटच्या ट्रकांनी रस्ताभर चिखल सांडला होता. अर्लिस सारा वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच बोलली.

"ती नसली तर मी घरी जाऊन डेल्मरची माफी मागेन. मनातल्या मनात."

"आणि असली तर?"

ती पुन्हा बाहेर बघू लागली.

कर्टिस चाळिशीचा, भला दिसणारा माणूस होता. त्याने आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. हातोडा बसून काळं झालेलं ते नख मी लगेच ओळखलं. रायफल कामाच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवलेली होती. अर्लिस दारातच थांबली.

"तुम्हाला त्रास झाला लिखाणाचा," तो म्हणाला. "लोक जरा तोंडाळ असतात तिथे."

"तुम्ही लपवताय असं मला म्हणायचं नव्हतं."

"नाही, नाही. रायफल माझ्या सासऱ्यांची, लेलँडची. ते आता वृद्धाश्रमात असतात, काही आठवत नाही त्यांना. बघा ना, या."

"मला दाखवू नका," अर्लिस म्हणाली. "मी नंबर सांगते. तुम्ही उलटी करून फक्त ताडून बघा."

तिने आकडे एकेक करून म्हटले, अनोळखी माणसाला फोन नंबर सांगतात तसे. कर्टिसने रायफल उलटी केली. पहिल्या काही आकड्यांना तो मान हलवत होता. मग मान हलायची थांबली. शेवटचा आकडा झाल्यावर तो तसाच वाकून बघत राहिला.

"चोरीला गेली होती का तुमची?" त्याने हळूच विचारलं. "हे बघा, सासऱ्यांनी रीतसर विकत—"

"चोरीला नाही गेली. माझ्या मुलाने हिच्याने जीव दिला."

कर्टिसने रायफल टॉवेलवर ठेवली आणि हात मागे घेतले. ते पँटला पुसले. हात पुसल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ. ज्याने विकली त्याने लेलँडना एकच अट घातली होती. हिचा फोटो कुठे जाऊ द्यायचा नाही, नंबर कुणाला दाखवायचा नाही. आम्हाला वाटलं, असतो एखादा सावध माणूस. आता विकायची तर फोटो लागतोच. मी म्हटलं, निदान नंबर तरी झाकावा. तेवढा शब्द पाळावा."

"कसा होता दिसायला तो माणूस?"

"मी नव्हतो तेव्हा. पण बायको म्हणते, आल्यापासून जाईपर्यंत त्याने टोपी काढली नाही आणि पैसे न मोजताच खिशात घातले."

मी रायफलीकडे बघत होते. माझं पहिलं हरीण मी हिच्यानेच मारलं होतं, वडील माझ्या मागे बसून कानात सांगत होते, श्वास सोड, घाई नको. त्या दस्त्यावरून एकदा हात फिरवावा असं मला फार वाटलं. अर्लिसने माझ्याकडे पाहिलं. तिला ते कळलं. मी हात खिशात घातले.

"घेऊन जा तुम्ही," कर्टिस म्हणाला. "मला काही नको."

"मी हात लावणार नाही हिला. माझ्या गाडीतही नको. तुम्ही कापून टाकाल का?"

"सासूबाईंना विचारावं लागेल. आता त्यांची आहे. आणि शनिवारी एकजण बघायला येतोय, त्याला शब्द दिलाय."

"मग त्याला सांगा."

"काय सांगू?"

"मी तुम्हाला सांगितलं ते."

"तुमच्यावर काय बेतलंय, ते मी समजू शकतो. पण या जिल्ह्यातल्या जुन्या बंदुकांनी काय काय पाहिलंय, ते कुणी कुणाला सांगत बसत नाही."

"तुम्ही सांगा," अर्लिस म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.

मी तिला तिच्या घरी सोडलं. तिने मला आत यायला सांगितलं नाही, पण नको असंही म्हणाली नाही, म्हणून मी गेले. डेल्मर शेडमध्ये बर्फ काढायच्या यंत्राचं तेल बदलत होता. अर्लिस त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने तो नंबर म्हटला. बाकी एक शब्द नाही.

डेल्मरने तेलाचा डबा खाली ठेवला. तो हातातल्या फडक्याकडे बघू लागला.

"शिकंज्यात आवळली होती," तो म्हणाला. "करवतही सुरू केली. मग तो स्क्रू दिसला. बाबांनी मारलेला. मला नाही जमलं, अर्लिस."

"तू मला सांगितलंस की जमलं."

"खरं सांगितलं असतं तर तू स्वतः कापली असतीस."

"हो."

"म्हणून नाही सांगितलं. लेलँडला विकली. तो म्हणाला, नातवंडांच्या घरात दर वर्षी हरणाचं मांस जातं त्याच्याकडून. मला वाटलं, असू दे. त्या रायफलीने पुन्हा हरणं मारावीत. गॅरेटची म्हणून संपू नये ती. बाबांची म्हणून राहावी."

"तुझे बाबा मेलेत, डेल्मर. तेही आणि गॅरेटही. मी इतकी वर्षं या घरात एकाच गोष्टीच्या भरवशावर झोपले. ती वस्तू नाही, एवढ्यावर."

माझा भाऊ मोठा दांडगा माणूस आहे. त्या दिवशी तो तेलाच्या डागात बूट रोवून उभा होता, आणि त्याच्याजवळ जावं की तिच्या मागे जावं ते मला कळेना. मी तिच्या मागे गेले. ती बॅग भरत होती.

डेल्मर दुसऱ्याच दिवशी कर्टिसकडे गेला. सासूबाईंना भेटला, हात जोडले, सांगाल ती किंमत देतो म्हणाला. पण शनिवारी येणारा माणूस गुरुवारी सकाळीच येऊन गेला होता. कर्टिसने त्याला खरं ते सांगितलं होतं, हे मला मान्य करायला हवं. तो माणूस म्हणाला म्हणे, त्यात बंदुकीचा काय दोष? आणि घेऊन गेला. कर्टिसला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. डुलुथ शहराकडचा होता एवढंच. साइटवरून फोटो काढून टाकला होता.

हे मीच अर्लिसला सांगितलं. ती आमच्या मागच्या खोलीत राहत होती. ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, रूबेनचे मोजे धुवायला टाकायचेत का.

मोसमाच्या पहिल्या दिवशी रूबेन पहाटेच शिकारीचा नारिंगी कोट घालून रानात गेला. उजाडायला लागलं तसे बार ऐकू येऊ लागले. आधी लांब, तळ्यापलीकडे. मग जवळ, मग उत्तरेला एकामागोमाग दोन. आमच्याकडे त्या सकाळी कुणी ते आवाज ऐकत नाही. अर्लिस ऐकत होती. प्रत्येक बाराला तिचे डोळे खिडकीकडे जायचे. कॉफी गार झाली होती. माझ्या मनात येत होतं की यातला कुठला बार त्या रायफलीचा असेल, आणि तिच्याही मनात तेच असणार. ते एकमेकींना सांगण्यात अर्थ नव्हता.

आठाच्या सुमारास डेल्मरची गाडी आली. कळता झाल्यापासून त्याने मोसमाचा पहिला दिवस चुकवलेला मला आठवत नाही. आज तो साध्या कोटात होता. दार वाजवलं नाही, ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. मी उठायला लागले तर अर्लिस म्हणाली, "थांब."

ती स्वतः उठली. कोट घातला, बाहेर गेली आणि पायरीवर बसली, त्याच्या शेजारी नाही, खालच्या पायरीवर, पाठ त्याच्याकडे करून. काचेतून मला दोघांच्या तोंडची वाफ दिसत होती. तो काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली, नाही अशी. पुन्हा एक बार झाला, अगदी जवळ, रस्त्यापलीकडच्या रानात. अर्लिस दचकली. डेल्मरचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

दुपारपर्यंत ती दोघं तिथेच बसून होती. मग तो उठून गेला आणि ती आत येऊन चुलीपाशी हात शेकत बसली. ती कधी परत जाईल हे मी विचारलं नाही.