दातेरी कड

महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच निळा स्कर्ट टेलरताईंच्या मशीनवर येऊन पडला. स्कर्ट नर्सबाईंच्या मुलीचा, शाळेचा. नर्सबाई सकाळच्या ड्यूटीला निघाल्या होत्या, म्हणून उभ्याउभ्याच बोलल्या. पोरगी दोन दिवस शाळेत जायला तयार नाही, धड जेवत नाही, काही विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडते. संध्याकाळपर्यंत एवढं शिवून मिळालं तर उद्या कसंही करून तिला पाठवते, असं सांगून त्या घाईने निघून गेल्या.

एरवी टेलरताई एवढ्यावर गप्प बसल्या नसत्या. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याच्या संसाराचंही माप घ्यायची त्यांना खोड होती, आणि सल्ला तर शिलाईबरोबर फुकट. मागच्या खेपेला त्यांनी नर्सबाईंना चांगलं ऐकवलं होतं. मुलगी भलतीच धांदरट आहे, बाकाच्या खिळ्यात कपडा अडकवते आणि ओढते, एवढ्या मोठ्या मुलीला अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नको का, जरा वळण लावा तिला. नर्सबाई बिचाऱ्या मान हलवत ऐकत राहिल्या. मुलगी मागेच उभी होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

आज मात्र ताईंच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. त्यांनी स्कर्ट पसरला. मागची एक चुणी कमरेपासून वीतभर उघडी पडली होती. फाटलेल्या कापडाची कड विस्कटते, दोरे लोंबतात. हे शिवण शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच कळतं. ही कड साफ होती आणि तिला बारीक बारीक दात होते. कडेचे दोरे निसटू नयेत म्हणून वापरतात त्या जड, दातेरी कात्रीनेच असे दात पडतात. चार गल्ल्यांत ती कात्री फक्त ताईंकडे होती, आणि तिला हात लावायची मुभा फक्त त्यांच्या मुलीला, माऊला. माऊ आणि नर्सबाईंची मुलगी एकाच वर्गात होत्या.

आणि खरं सांगायचं तर हे आजच दिसलं असंही नाही. पहिल्या वेळी घाईत शिलाई मारून दिली, ते सोडून देऊ. दुसऱ्या वेळी ते दात दिसले होते. चांगले लख्ख दिसले होते. ताईंनी ती कड भराभर आत दुमडली, आतून पट्टी लावली आणि त्यानंतर धांदरटपणावर ते व्याख्यान दिलं. आपल्या पोरीवर पांघरूण घालायला दुसऱ्याच्या पोरीला नावं ठेवली. ते आठवून आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता माऊ शाळेतून आली. ताईंनी स्कर्ट आणि कात्री तिच्यापुढे ठेवली. कोणी केलं हे विचारलंच नाही. का केलं, एवढंच विचारलं.

माऊने आधी कानांवर हात ठेवले, मग सगळं हसण्यावारी नेलं. गंमत होती ती, सगळ्याच हसतात, ती तरी कुठे काय बोलते? ताई हटल्या नाहीत, तेव्हा एकेक बाहेर आलं. मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणी तिला धरायच्या, माऊ कापायची. मग ती पोरगी दप्तर मागे धरून, भिंतीच्या कडेकडेने घरी जायची.

"आता तिला सगळा वर्ग धांदरटच म्हणतो," माऊ म्हणाली. "तूच म्हणालीस ना तसं नर्सकाकूंना. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, तुला कळलंय आणि तुझं काही म्हणणं नाही."

ताईंचा हात उगारला गेला होता, तो तसाच खाली आला. कुठल्या तोंडाने मारणार? त्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या.

"कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "मी लपवलं, ती माझी चूक. पण तू केलंस ती गंमत नाही, माऊ. तो छळ आहे."

माऊ रडायला लागली. नर्सबाई येईपर्यंत इथून हलायचं नाही, एवढं ताईंनी तिला बजावलं. स्कर्ट शिवायला दहा मिनिटंही लागली नसती, पण त्यांनी सुईला हात लावला नाही.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. ताईंनी त्यांना बसवलं आणि ती कड दाखवून सांगितलं, की हे फाटलेलं नाही, माझ्या मुलीने माझ्या कात्रीने कापलंय. उद्या सकाळी तिला घेऊन मुख्याध्यापिकांकडे जाते, बरोबरच्या दोघींची नावंही देते. तुमच्या मुलीची माफी मागायची, ती म्हणेल तेव्हा आणि ती म्हणेल तिथे. माऊ खाली बघत कसंबसं म्हणाली, की काकू, मी केलं.

नर्सबाई बराच वेळ त्या दातांवरून बोट फिरवत होत्या. कोणीतरी कापतं, असं ती म्हणायची, त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं, सबबी सांगते. मग त्यांनी वर पाहिलं.

"ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

आज, हा शब्द ताईंच्या जिभेवर अगदी तयार होता. माऊ त्यांच्याकडे बघत होती.

"मागच्या वेळीच," त्या म्हणाल्या. "वळण लावा म्हणाले, त्याच्याआधी."

नर्सबाईंनी स्कर्टची घडी घातली आणि तो तसाच, न शिवलेला, पिशवीत ठेवला.

"त्या दिवशी घरी जाऊन मी तिला मारलं," त्या म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा."