तळटिपेतला सतरा नंबर

मित्रांनो, डॉक्टर मंडळी एखाद्या आजाराचा वर्षानुवर्षे छडा लावतात आणि जे हाती लागते ते लिहून छापतात. मी तसाच एक जुना शोधनिबंध आहे. पाने अकरा, तक्ते चार आणि विषय ब प्रकारची कावीळ. तिचा विषाणू रक्तात शिरला की पुष्कळदा वीस-वीस वर्षे गप्प बसतो आणि आतून यकृत पोखरत राहतो. त्याला वेळीच कसे ओळखावे, हे मी सांगतो.

मला लिहिणाऱ्या डॉक्टरांना प्रयोगशाळेत सगळे नुसते 'बाई' म्हणत. माझ्यापायी त्यांच्या नाकी नऊ आले. सहा वर्षे त्यांनी रुग्णांचे रक्त गोळा केले. तुलनेसाठी धडधाकट माणसांचेही रक्त लागते, म्हणून आमच्याच इमारतीतल्या चाळीस जणांनी बाह्या वर केल्या. बाटल्या धुणाऱ्या मावशीही त्यांत होत्या. नळीवर नाव नसे, फक्त नंबर. नावांची यादी पाकिटात बंद. तपासणाऱ्याचे मन कोणाकडे झुकू नये म्हणून हा नियम होता. सगळे त्याला गमतीने आंधळी कोशिंबीर म्हणत.

त्या धडधाकटांपैकी सतरा नंबरच्या रक्तात विषाणू निघाला.

"बाई, सतराचं काय करायचं?" सहकारी डॉक्टरांनी विचारले.

"तुलनेतून काढा, खाली तळटीप द्या. आणि पाकीट उघडून त्या माणसाला कळवायचंय, तेवढी आठवण करा मला."

"हे एकदा छापून होऊ दे, मग लगेच करतो."

मी छापून झालो आणि ते राहूनच गेले. कोणाच्या मनात पाप नव्हते, पण राहिले ते राहिलेच. दुसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ उरली : 'एक व्यक्ती वगळली आहे.'

माझे मात्र दिवस पालटले. दूरदूरच्या डॉक्टरांनी माझे दाखले दिले, बाईंना मानपत्र मिळाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. मला मोरीवरच्या फळीवर ठेवले होते. मावशी दर शनिवारी माझी धूळ पुसत आणि लेक भेटायला आली की तिला सांगत, "बघ गं, ह्यात माझंपण रक्त आहे." मला तेव्हा फार लाज वाटे. मला सगळे ठाऊक होते, पण कागदाला तोंड कुठे असते?

नऊ वर्षे गेली. नवे निबंध आले, मला कोणी हात लावीना. मावशींचे पाय सुजू लागले. "वय झालं, दुसरं काय," त्या म्हणत. मग पोट फुगले आणि एका सकाळी बाईंना त्यांचे डोळे पिवळे दिसले. बाईंनी रक्त तपासले, तशाच उठून कपाटातले ते पाकीट फोडले आणि यादीवर बोट ठेवले. सतरा नंबरपुढे मावशींचे नाव होते.

"मावशी, हे आम्हाला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कोणाचं रक्त आहे, तेवढं आम्ही पाहिलं नाही."

"तेव्हा कळलं असतं तर बरी झाले असते?"

"पूर्ण बऱ्या नसता झाल्या. पण गोळ्या दिल्या असत्या. इतकं वाढलं नसतं."

मावशींनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "हे आईकडून पोराला जातं ना? तुम्हीच सगळ्यांना सांगत असता. माझ्या लेकीला सातवा चालू आहे, बाई. आधी तिचं बघा."

लेकीच्या रक्तातही विषाणू होता. तिच्यावर त्याच आठवड्यात उपचार सुरू झाले आणि बाळाला जन्मताच लस टोचली. मावशी बाळ येण्याच्या तीन आठवडे आधी गेल्या.

बाईंनी मला छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिले, की सतरा नंबरला कळवले नाही ही आपली चूक झाली, दुरुस्ती छापा. संपादकांचे उत्तर आले : निष्कर्षात काही फरक पडत नाही, दुरुस्तीची गरज नाही. बाईंनी ते पत्र माझ्या पानांत ठेवले. त्यानंतर त्यांनी मला कधी उघडले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी संशोधक. माझे एवढे ऐका. माणसाने विश्वासाने तुमच्यापुढे हात केला आणि त्याच्या रक्तात काही सापडले, तर ते आधी त्याला सांगा, मग आमच्यावर लिहा. आम्ही कागद आहोत, आम्हाला थांबता येते.