सहावी खजुरी

"पयला वाटा बाखूमच्या घरी जाईल," गावचे पाद्री अबूना म्हणाले, तशी जलीलानं हातातली सुरी परातीत आपटली.

"मरू दे त्याला भुकेनं! त्याच्या मोडक्या मांडीसाठीच तर ह्यो एडका कापला मी. आन् त्यालाच खाऊ घालू व्हय?"

संत मार गिर्गिसच्या सणाचा दिवस होता. वारा धुळीनं भरलेला, तोंडात नुसती माती. अंगणात एडका सोलून झाला होता आणि आयाबाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. जलीलाचा नवस काय होता ते अख्ख्या गावाला ठाऊक. नवरा जाऊन चाळीस दिवस झाले नव्हते तेवढ्यात दिरानं, या बाखूमनं, बांधावरचा धोंडा चार हात तिच्या रानात सरकवला. तिनं देवळाच्या दारात त्याला चोर म्हटलं. गावात खजुरीवर चढणारा तेवढा एकच. त्यानं तिच्या सहा झाडांना हात लावायचं सोडलं. नराचा फुलोरा मादीच्या घोसात बांधल्याशिवाय खजूर धरत नाही, म्हणून तीन वर्षं सहाही झाडं वांझ. अबूना म्हणायचे, त्याला माफ कर, मग प्रसाद घे. ती म्हणायची, प्रसाद नको मला. मग तिनं घोड्यावरच्या त्या संतापुढं मेणबत्ती लावून सांगितलं, त्याचं हाड मोड, एडका देते.

आणि फुलोऱ्याच्या दिवसांत येणाऱ्या मोठ्या उपासात, एका शुक्रवारी, बाखूम खजुरीवरून पडला. मांडीचे दोन तुकडे! जलीलानं दारात उभं राहून लग्नात काढतात तशी लांबलचक किलकारी काढली. लाज नाही, शरम नाही. कुठल्या झाडावरून पडला हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

"नवसाचं मटण आधी अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जातं," अबूना शांतपणे म्हणाले. "तुझ्या सासूच्या आधीपासूनची रीत हाय ही. गावात आज खिळलेला एकच. न्यायचं नसंल तर नवस फिटला न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

"म्हंजी मार गिर्गिसबी त्याच्याच बाजूचा!" जलीला पुटपुटली. पण संताचं देणं अंगावर ठेवायची तिची छाती नव्हती. तिनं काळीज निखाऱ्यावर भाजलं, बरगड्यांसोबत टोपल्यात घातलं, वर फडकं टाकलं आणि निघाली. जाता जाता मनात शिव्या जुळवत होती. खा म्हणावं, तुझ्याच हाडाचं मटण हाय!

वाट कालव्याच्या कडेनं तिच्याच झाडांखालून जात होती. तीन वर्षांत तिनं वर पाहायचं सोडून दिलं होतं. आज वाऱ्यानं फडकं उडालं, ते धरायला मान वर झाली, आणि ती तिथंच थांबली.

घोस होते. हिरवे, हरभऱ्याएवढ्या दाण्यांनी गच्च भरलेले. पहिल्या झाडाला, दुसऱ्या झाडाला. तिसरं झाड बुटकं होतं, टाचा वर केल्या की घोस दिसायचा. पात्यानं बांधलेली गाठ उलटी होती. गावात डावखुरा माणूस एकच. चौथं भरलेलं. पाचवं भरलेलं. सहावं मात्र रिकामं, आणि त्याच्या बुंध्याशी चढायच्या दोराचा तुटका तुकडा मातीत पडलेला.

जलीलानं तो तुकडा उचलून पाहिला. "अगं आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बाखूमच्या घरी त्याची बायको रिफ्का दारात आडवी आली. "आक्का, भांडायला आला असशीला तर..."

"सर बाजूला." जलीला थेट खाटेपाशी गेली. "माझ्या झाडावर कशाला मेलास रं?"

बाखूमनं दाढी खाजवली. "पापाची कबुली द्यायला गेल्तो. अबूना म्हनले, आधी वहिनीच्या खजुरी बांध, मग धोंडा जागेवर ठेव, मगच प्रसाद. तुमी समदी देवळात असताना तीन शुक्रवार चढलो. तुला कळलं असतं तर तू खालून दगड मारला असतास."

"मारलाच असता."

"किलकारी तूच काढलीस न्हवं? मला वाटलं, कुणाचं तरी लगीन ठरलं."

तिला हसू आलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. "आन् धोंडा?"

"सोपं काम आधी धरलं," तो मान खाली घालून म्हणाला. "धोंडा उचलताना माझा जीवच हुईना, वहिनी. आता तर मांडीच न्हाई."

जलीलानं टोपलं रिफ्काच्या हातात दिलं आणि दारामागची पहार उचलली. "चल गं. तू पन धर."

दोघी जावा भर उन्हात धोंड्याला भिडल्या. रिफ्का ढकलत होती, जलीला पहारेनं रेटत होती. जुना खड्डा आला, गेला. धोंडा वीतभर पुढं, बाखूमच्या रानात जाऊन बसला.

"आक्का, खड्डा हितं हाय," रिफ्का हळूच म्हणाली.

"दिसतोय मला. तीन वर्सं खाल्लंय त्यानं माझं."

जलीलानं घाम पुसला. समोरच सहावं झाड, बोडकं. त्याच्याकडं पाठ करावी म्हटलं तर ते जमेना. मग बाखूमला, त्याच्या खानदानाला आणि मार गिर्गिसच्या घोड्याला एक एक शिवी हासडून तिनं धोंडा मागं ओढला आणि खड्ड्यात बसवला.

पहार ठेवायला गेली तेव्हा बाखूम काळीज चघळत होता.

"माफ केलंस का मग?" त्यानं विचारलं.

"छाट! पुढच्या उपासापतूर उठून बस. सहावी बांधायची ऱ्हायलीय तुझी. लंगडत चढ, पन चढ. आन् त्या वक्ताला दोर मी धरनार हाय."