बाटलीवरचं नाव

अंबिकानं आजोबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि मनात पाचापर्यंत मोजलं. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. तो भरून यायला चाळीस सेकंद लागले.

"दिवसभर उभं ऱ्हायलं की चढतीच सूज," पुंजाराम म्हणाला. "कापडाच्या दुकानातल्या समद्यांचंच पाय असं."

सूज कधीपासून आहे, असं तिनं विचारलं. दिवाळीपासून, असं त्यानं सांगितलं. आता संक्रांत होऊन गेली होती. आज पाय चपलेत गेला नाही म्हणून तो घरी राहिला होता. चाळीस वर्षांत असं दोन-तीनदाच झालं असेल.

पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, तो सिल्लोडकडच्या एका खेड्यात जन्मला. लग्नानंतर शहरात आला आणि गुलमंडीवर नानासाहेबांच्या दुकानात ताग्यांच्या घड्या घालू लागला. अजूनही उस्मानपुऱ्यातून सायकलवर जायचा, ज्वारीची भाकरी खायचा. दवाखान्याची पायरी त्यानं दुसऱ्यांसाठीच चढली होती. मुलगा श्रीधर इथंच जन्मला, इथंच शिकला. पस्तिशीतच त्याला साखरेच्या आजाराची गोळी सुरू झाली. पाहुण्यांसमोर तो वडिलांना हळूच सांगायचा, आबा, 'लई' म्हणू नका. शेजाऱ्यांना त्यानं आबा कापडाच्या व्यवसायात आहेत एवढंच सांगितलं होतं.

अंबिका प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. डॉक्टर घरातल्यांचे आजार विचारतील, म्हणून तिनं कपाटातून वडिलांची फाइल काढली. एकेक कागद वाचत ती दोन कागदांपाशी थांबली. दोन्ही लघवीच्या तपासणीचे, दोन्हींवर नाव श्रीधरचं. चार दिवसांच्या अंतरानं केलेले.

"पहिल्यात प्रथिनं खूप आहेत. दुसऱ्यात अजिबात नाहीत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "चार दिवसांत असं होत नाही. आणि साखर दोन्हींत नाही. बाबांच्या लघवीत ती दर वेळी असते."

पुंजारामनं पहिल्या कागदाची तारीख विचारली. गेल्याच्या आधीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस होता.



"ती माझी हाय," तो म्हणाला.

त्या सकाळी श्रीधर झाकणाची छोटी बाटली घेऊन त्याच्या खाटेपाशी आला होता. वाळूजच्या मोठ्या कंपनीत जागा मिळत होती. मुलाखत झाली होती, तपासणी तेवढी राहिली होती. साखर दिसली तर जागा जाणार होती. सकाळची पहिली लघवी घरूनच न्यायची होती. आबा, एवढं काम करा, तुमचं शरीर गावाकडचं आहे, असं तो म्हणाला होता. हे बरोबर नाही, हे पुंजारामला कळत होतं. पण गावाकडचं काही तरी मुलानं पहिल्यांदाच मागितलं होतं. त्यानं बाटली भरून, पुसून दिली.

आठवड्यानं श्रीधर पेढे घेऊन आला आणि पाया पडला. तुमच्यामुळं लागलो, आबा. पुंजारामला राहवलं नाही. त्यानं दुकानात नानासाहेबांच्या कानात ते सांगितलं. नानासाहेब हसून म्हणाले, "पुंजाराम, लेकाला जमीन देत्यात लोक. तू काय दिलंस बाबा!" पुढं कित्येक दिवस ते दोघं त्यावर हसत होते.

"प्रथिनं म्हंजी काय?" त्यानं आता विचारलं.

मूत्रपिंड रक्त गाळतं, जे अंगात राहायला हवं तेच गळून जातंय, असं अंबिकानं सांगितलं.

"कापड विरलंय म्हन की."

तिनं मान हलवली. तेव्हाच कळलं असतं तर काय झालं असतं, असं त्यानं विचारलं. तिला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"औषधानं बरंचसं थोपवता आलं असतं. पंधरा महिने गेलेत, आजोबा."

श्रीधर संध्याकाळी पाचला आला. टेबलावरचे दोन कागद बघून बूट न काढताच बसला. त्याची बायको दमयंती चहा ठेवून आत गेली.

"पैला कागद कवा हातात पडला?" पुंजारामनं विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी." श्रीधर कपाकडं बघत होता. "लॅबवाला म्हणाला, नमुना परत द्या. मग बद्रीनाथची नेली. माझ्याबरोबर कामाला होता, पोरगाच आहे." तो थांबला. "मला वाटलं, वयामुळं असंल."

"वय माझं, अन् नाव तुझं."

"सांगणार होतो, आबा. पण डॉक्टर विचारतील हे कशात निघालं, कुठं केलं. कुणीकडून तरी कंपनीला कळलं असतं. मग राहूनच गेलं."

"पेढे आनायला राह्यलं नाय."

अंबिका वडिलांच्या चेहऱ्याकडं बघत होती. ते नजर वर करतील, असं तिला वाटत होतं. दमयंतीनं ठेवलेला चहा कुणीच प्यायला नाही.

सकाळी श्रीधरनं रजा टाकली आणि मोटारसायकल दारात काढून ठेवली. पुंजाराम मोटारसायकलच्या बाजूनं हळूहळू चालत कोपऱ्यावर गेला आणि अंबिकाबरोबर रिक्षात बसला. पायात अंबिकानं आणलेल्या, मापानं मोठ्या रबरी सपाता होत्या.

सरकारी दवाखान्यात त्याला बाटली मिळाली. भरून तो बाहेर आला तेव्हा श्रीधर तिथं उभा होता. मागोमाग आला होता. रांग मोठी होती.

"द्या आबा, मी देऊन येतो. तुम्ही बसा."

त्यानं हात पुढं केला. पुंजारामनं त्या हाताकडं पाहिलं आणि बाटली दुसऱ्या हातात घेतली. सुजलेले पाय एकेक करून उचलत तो रांगेत जाऊन उभा राहिला. अर्धा तास लागला.

खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. त्यानं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव सांगितलं. मग गावाचंही सांगितलं. गाव नको, असं तो माणूस म्हणाला आणि चिठ्ठी लिहून बाटलीवर चिकटवली. एक कोपरा उचलला गेला होता. पुंजारामनं बाटली परत मागून घेतली. चाळीस वर्षं घडी बसवलेल्या अंगठ्यानं तो कोपरा दाबला, आणि चिकटेपर्यंत धरून ठेवला.

"वाचून दाव," तो अंबिकाला म्हणाला.

तिनं वाचून दाखवलं. मग त्यानं बाटली खिडकीतून आत दिली.