चाकोरीत बसलेली जीप

लढाई सरली अन् लष्कराच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या, तशी आमच्या मालकांनी, म्हणजे माह्या नवऱ्यानं, एक घेऊन टाकली. हौसेले मोल नसते, पण अक्कल तरी लागते का नाही? आमचं गाव मोताळ्याकडचं, वाट काळ्या मातीची. बैलगाड्यांनी तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. जिपेची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा जवळजवळ. एका बाजूची चाकोरीत, दुसऱ्या बाजूची मधल्या उंचवट्यावर. मालक वाकडे बसून म्हणत, "पाह्य, कशी मजेत चालते." मी दात आवळून बसे.

एरवी हसून सोडलं असतं. पण लेक कोकिळेले सातवा लागला होता, अन् तिले मेहकरकडच्या सासरहून बाळंतपणाले आणायचं होतं. पहिल्या खेपेले पोट टिकलं नव्हतं. तेव्हा पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहे. म्हणून मी सांगून टाकलं, "या कलत्या डब्यात माही पोरगी बसणार नाही."

मालक रागावले नाही. बुलढाण्याहून अब्दुल गनी मिस्त्रीले घेऊन आले. मिस्त्रीनं आमच्या बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतर सुतळीनं मापलं, मोडीतल्या ट्रकची मोठी चाकं आणली, अन् आतून जाड लोखंडी तबकड्या घालून जिपेले बाहेरच्या अंगानं बसवली. जीप फेंगडी दिसे.

"भाभी, दिसण्यावर नका जाऊ, बसून पाहा," मिस्त्री म्हणे.

बसली. चारही चाकं चाकोरीत उतरली अन् जीप सरळ चालली. मालकांनी हे पोरीसाठी केलं होतं. माहे डोळे भरून आले.

पोरीले आणायले निघालो, पक्क्या सडकेनं बिनघोर गेलो. मग व्याह्यांच्या गावची कच्ची वाट लागली अन् जीप पुन्हा कलली. तिकडच्या गाड्यांची चाकं जवळ, चाकोरी अरुंद. माप घेतलं होतं ते आमच्याच गाडीचं. मालकांले वाटे, सारं वऱ्हाड आपल्याच गावासारखं.

विहीण गोजरबाई दारातूनच पाहून राह्यल्या होत्या. मालकांले म्हणाल्या, "उकंडराव, याच्यात माही सून नाही बसत. दुधानं तोंड पोळलं आमचं." मालक म्हणाले, "आमच्या वाटेवर सरळ चालते ना."

आता पोरगी मिळत नाही, मले वाटलं. कोकिळा उंबऱ्यात उभी, एक हात पोटावर. पण गोजरबाईनं बैल जुंपायले लावले, गाडीत हातभर गवत टाकलं, वर गोधडी. कोकिळेले घेऊन गाडी पाऊल पाऊल सडकेपर्यंत आणली. मागून आमची जीप लंगडत.

सडकेवर कोकिळा जिपेत चढली. तिच्या मागून गाठोडं घेऊन गोजरबाईही चढल्या.

"तुम्ही कुठं?" मी म्हटलं.

"तुमच्या वाटेवर सरळ चालते म्हणता ना, पाह्यते."

"अन् मग?"

"मग काय, लेकरू पाहूनच येईन."

बाप्पा, सुनेच्या बाळंतपणाले सासू तिच्या माहेरी मुक्काम करते कुठं? पण गाडीवाला गडी तोवर बैल वळवून निघूनही गेला होता.

आमच्या गावची वाट लागली, चाकं चाकोरीत बसली. गोजरबाईनं बाहेर वाकून पाह्यलं, मग निवांत टेकल्या. कोकिळा झोपली होती, डोकं सासूच्या मांडीवर. माही मांडी रिकामी. जरा जळलं मले, खोटं काऊन बोलू? मग पायाशी ठेवलेलं घोंगडं उचललं अन् दोघींवर पांघरलं.